दोन बेदाण्यांएवढा धक्का देणारं इंजिन आणि तुमच्या धंद्याचा एक मोठा प्रश्न



गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न सारखा येतोय. "सर, आमचं छोटं मशिन शॉप आहे. ऑटो लाइनचं जॉब वर्क करतो. आता स्पेस सेक्टर खासगी लोकांना उघडलंय म्हणतात. त्यात आपल्यासारख्याला काही जागा आहे का? एक मशिन वाढवू का?"

प्रश्न चांगला आहे, पण उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात देता येत नाही. "स्पेसमध्ये खूप पैसा आहे" असं कुणी म्हणालं म्हणून कर्ज काढायचं नसतं. आधी एक वस्तू घ्यायची आणि ती आतून बाहेरून समजून घ्यायची. ती कोण विकत घेतो, का घेतो, आणि कशाला पैसे मोजतो? व्हिडिओमध्ये एवढा वेळ मिळत नाही, म्हणून आज इथे सविस्तर लिहितोय.

आजची वस्तू आहे छोट्या उपग्रहाचं प्लाझ्मा थ्रस्टर. विजेवर चालणारं, कमी वॅटचं, तळहातावर मावेल एवढं इंजिन. त्याचा धक्का किती? २०० वॅटचं एखादं थ्रस्टर साधारण १० मिलीन्यूटन जोर देतं. म्हणजे तळहातावर एक ग्रॅम वजन ठेवल्यावर जेवढा दाब जाणवेल तेवढा. दोन बेदाणे म्हणा ना! आणि या दोन बेदाण्यांच्या धक्क्यासाठी जगभरातल्या कंपन्या वर्षानुवर्षं खपतायत.

का? चला, पायरी पायरीने बघू.

गिऱ्हाइकाची अडचण काय आहे?

कुठलाही धंदा समजून घ्यायचा तर सुरुवात गिऱ्हाइकाच्या अडचणीपासून करायची. इथे गिऱ्हाईक म्हणजे छोटे उपग्रह बनवणारी कंपनी.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ मधून वर गेला. वजन सुमारे एक किलो. विद्यार्थ्यांनी केलेलं ते फार मोठं काम होतं. पण त्यात इंजिन नव्हतं. रॉकेटने जिथे सोडलं, तिथून तो आपल्या मर्जीने वर-खाली जाऊ शकत नव्हता. शिकण्यासाठी पाठवलेल्या उपग्रहाचं त्यावाचून अडत नाही.

पण धंद्यासाठी पाठवलेल्या उपग्रहाचं अडतं. त्याला तीन कामं करावी लागतात. एक, एकाच रॉकेटमधून अनेक उपग्रह एकत्र सुटतात, तिथून आपल्या ठरलेल्या जागी जायचं. दोन, खालच्या कक्षेत थोडी का होईना हवा असते, ती उपग्रहाला हळूहळू खाली ओढते, ती घट भरून काढायची. आणि तीन, समोरून काही येत असेल तर बाजूला व्हायचं, आणि काम संपलं की स्वतःहून खाली येऊन जळून जायचं.

हे तिसरं काम आधी फारसं कुणी मनावर घेत नव्हतं. १० फेब्रुवारी २००९ ला इरिडियम ३३ आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२५१ हे दोन उपग्रह सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले. हजारो तुकडे झाले. तेवढ्या उंचीवरचा कचरा लवकर खाली येत नाही, काही तुकडे तर पिढ्यान् पिढ्या फिरत राहतील.

मग नियम आले. पूर्वी काम संपल्यावर २५ वर्षांत खाली या, असा संकेत होता. अमेरिकेच्या एफसीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये ठरवलं की खालच्या कक्षेतल्या उपग्रहाने काम संपल्यावर पाच वर्षांच्या आत खाली आलं पाहिजे. अमेरिकेत सेवा द्यायची असेल तर परवाना त्यांचाच लागतो, त्यामुळे बाहेरच्या कंपन्याही त्यात आल्या. भारतानेही एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं की २०३० पर्यंत आपल्या सगळ्या अंतराळ मोहिमा, सरकारी असोत की खासगी, कचरा न करणाऱ्या असतील असं आपलं उद्दिष्ट आहे.

इथे पेनने खूण करा. एका नियमामुळे एका वस्तूची मागणी तयार झाली. आपल्याकडे हेल्मेटसक्तीने हेल्मेटचं, एफएसएसएआयच्या नियमाने लेबल छापणाऱ्याचं जे झालं, तेच इथेही झालं. सरकारी राजपत्र हे धंद्याचं पुस्तकसुद्धा असतं, ते वाचायची सवय लावा.

एवढासा धक्का परवडतो कसा?

आता थोडं गणित. घाबरू नका, बेरीज-वजाबाकी येते त्याला हे जमतं.

समजा, आपला उपग्रह १०० किलोचा आहे. त्याला आयुष्यभरात मिळून सेकंदाला २०० मीटर एवढा वेगबदल हवा आहे. आपल्यापुढे दोन पर्याय आहेत.

पहिला, हायड्राझिन नावाचं रासायनिक इंधन. हे विषारी असतं, पण वर्षानुवर्षं वापरातलं आहे. त्याचा झोत सेकंदाला सुमारे २.२ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. एवढ्या कामाला जवळपास ९ किलो इंधन लागतं.

दुसरा, छोटं प्लाझ्मा थ्रस्टर. त्याचा झोत सेकंदाला सुमारे १२ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. त्याच कामाला १.७ किलो वायू पुरतो.

जितक्या वेगाने वस्तू मागे फेकाल, तितकी कमी वस्तू फेकावी लागते, एवढंच यामागचं तत्त्व. रशियाच्या त्सिओल्कोव्स्की यांनी हे समीकरण १९०३ मध्येच मांडलं होतं.

पण फुकट काही मिळत नाही. एक न्यूटनचं रासायनिक इंजिन हे काम साडेपाच तासांत उरकेल. आपल्या १० मिलीन्यूटनच्या थ्रस्टरला अखंड २३ दिवस चालावं लागेल. त्यात पृथ्वीच्या सावलीत वीज मिळत नाही. साधारण ९५ मिनिटांच्या फेरीत सुमारे ३५ मिनिटं अंधार. फक्त उन्हात चालवायचं म्हटलं तर पाच आठवडे धरा.

म्हणजे वजन वाचलं आणि वेळ खर्च झाला. हा सौदा कुणाला परवडतो? ज्याला घाई नाही पण वजनाचे पैसे मोजावे लागतात त्याला. छोट्या उपग्रहवाल्याचं नेमकं तेच आहे.

आत चालतं काय?

प्लाझ्मा हा शब्द मोठा वाटतो, पण फॅब्रिकेशनवाल्या मंडळींनी तो रोज बघितलाय. तुमच्या प्लाझ्मा कटिंगमध्ये जो झळझळीत झोत निघतो, तोच. जुन्या ट्यूबलाइटमध्येही तोच असतो. वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झाले की उरतात विद्युतभारित आयन. या दोघांचं मिश्रण म्हणजे प्लाझ्मा.

सगळ्यात जास्त वापरलं जातं ते हॉल थ्रस्टर. १८७९ मध्ये एडविन हॉल यांनी शोधलेल्या परिणामावरून हे नाव पडलं. एक सिरॅमिकची गोल खाच असते, बांगडीसारखी. तिच्या तळातून झेनॉन वायू सोडतात. भोवती चुंबकाच्या कॉइल्स असतात. बाहेर एक कॅथोड असतो, तो इलेक्ट्रॉन पुरवतो. हे इलेक्ट्रॉन आत जायला बघतात, पण चुंबकीय क्षेत्र त्यांना त्या बांगडीत गोल गोल फिरवत अडकवून ठेवतं. फिरताना ते झेनॉनच्या अणूंवर आदळतात, आयन तयार होतात, आणि साधारण २०० ते ३०० व्होल्टचा दाब त्या आयनांना बाहेर भिरकावून देतो. हलणारा भाग एकही नाही, ना बेअरिंग ना पिस्टन.

हे नवीन नाही बरं का. सोव्हिएत संघाने डिसेंबर १९७१ मध्ये सोडलेल्या मीटिऑर मालिकेतल्या उपग्रहावर हॉल थ्रस्टर अंतराळात चालवून दाखवलं होतं. पुढे त्यांचं एसपीटी-१०० हे १.३५ किलोवॅटचं, सुमारे ८३ मिलीन्यूटनचं मॉडेल या क्षेत्राचं मोजमाप ठरलं.

मग प्रश्न पडतो. तंत्र पन्नास वर्षांपूर्वीचं आहे, तर ते नुसतं लहान करायला एवढा वेळ का लागतोय?

लहान करणं म्हणजे ड्रॉइंग अर्ध्यावर आणणं नव्हे

मोठ्या हॉटेलचं किचन आणि हातगाडी यांत जो फरक असतो, तोच इथे आहे. हातगाडीवर मोठी भट्टी अर्धी करून बसवता येत नाही. सगळं नव्याने मांडावं लागतं.

पहिली अडचण भिंतींची. खाच लहान केली की आतली जागा फार झपाट्याने कमी होते, भिंतींचं क्षेत्रफळ मात्र तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. आयन भिंतीवर आदळतात, ऊर्जा वाया जाते, सिरॅमिक झिजतं, सगळं तापतं. एसपीटी-१०० सारखं थ्रस्टर दिलेल्या विजेपैकी जवळपास निम्मी ऊर्जा धक्क्यात बदलतं. शंभर-दोनशे वॅटच्या खाली आलं की हा आकडा बराच घसरतो.

दुसरी अडचण कॅथोडची. पारंपरिक कॅथोड आधी हीटरने तापवावा लागतो, मग तो इलेक्ट्रॉन सोडतो. दोन किलोवॅटच्या इंजिनात हीटरची वीज कुणी मोजत नाही. पण ज्याच्याकडे एकूण शंभर वॅटच आहेत, त्याला ती नडते. म्हणून हीटर नसलेला कॅथोड हे स्वतंत्र संशोधन झालं.

तिसरी अडचण विजेच्या डब्याची. उपग्रहाच्या बॅटरीतून २८ व्होल्टच्या आसपास मिळतात. थ्रस्टरला शेकडो व्होल्ट हवेत, कॉइलला वेगळा करंट, कॅथोड पेटवायला वेगळा झटका. हे सगळं करणारा पॉवर प्रोसेसिंग युनिट नावाचा डबा अनेकदा थ्रस्टरपेक्षा जड आणि महाग पडतो.

म्हणजे गिऱ्हाइकाला एकटं थ्रस्टर देऊन भागत नाही. टाकी, व्हॉल्व्ह, वायू मोजून सोडणारी व्यवस्था, कॅथोड, विजेचा डबा आणि ते चालवणारं सॉफ्टवेअर असा सगळा संच द्यावा लागतो. यातला सगळ्यात कमजोर भाग जेवढा चालेल, तेवढंच इंजिन चालेल.

कच्चा माल बदलला आणि खेळ बदलला

आता धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात मजेशीर भाग.

झेनॉन वायू या कामाला उत्तम. अणू जड, आयन पटकन होतो, कुणाशी रासायनिक भांडण नाही. पण हवेत तो एक कोटी कणांमागे एकापेक्षाही कमी असतो. हवा वेगळी करणाऱ्या मोठ्या प्लँटमध्ये जोडउत्पादन म्हणून तो थोडा थोडा निघतो. किंमत किलोला हजारो डॉलर, तीही खाली-वर होणारी. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा अशा दुर्मिळ वायूंच्या पुरवठ्याची चिंता साऱ्या जगाने केली.

मग लोकांनी काय केलं? स्पेसएक्सने स्टारलिंकच्या पहिल्या उपग्रहांत झेनॉनऐवजी क्रिप्टॉन वापरला. नंतर २०२३ मध्ये मोठ्या उपग्रहांसाठी ते थेट आर्गॉनवर आले. आर्गॉन म्हणजे तुमच्या टिग वेल्डिंगच्या सिलिंडरमधला वायू! हवेत जवळपास एक टक्का आहे, स्वस्त आहे. आयन करायला तो झेनॉनपेक्षा अवघड, आणि त्यांचं ते थ्रस्टर ४.२ किलोवॅटचं, म्हणजे छोट्यांच्या आवाक्याबाहेरचं. पण हजारो उपग्रह पाठवणाऱ्याला कच्च्या मालाचा भाव आणि उपलब्धता सगळ्यात आधी बघावी लागते.

छोट्या उपग्रहांसाठी वेगळी वाट काढली ती फ्रान्सच्या थ्रस्टमी या कंपनीने. आन आनेसलँड आणि दिमित्रो राफाल्स्की या दोघांनी २०१७ मध्ये ती सुरू केली. दोघंही प्लाझ्माचे संशोधक. त्यांनी झेनॉनच्या जागी आयोडीन घेतलं. हो, जखमेवर लावायच्या तपकिरी टिंक्चरमधलं आयोडीन.

फायदा बघा. झेनॉन साठवायला उच्च दाबाची टाकी लागते. आयोडीन हा घन पदार्थ आहे, दाब नाही, जाड टाकी नाही, आणि तेवढ्याच जागेत दाबाखालच्या झेनॉनपेक्षा कितीतरी जास्त माल मावतो. थोडं गरम केलं की त्याची थेट वाफ होते. भरलेली टाकी घेऊन रॉकेटवर चढायचं म्हटलं तरी स्फोटाची भीती नाही.

तोटाही आहेच. आयोडीन धातूंना खातं. म्हणून आतले भाग सिरॅमिक आणि पॉलिमरने जपावे लागले. रॉकेटच्या हादऱ्यात घन आयोडीनचे तुकडे पडू नयेत म्हणून ते सच्छिद्र सिरॅमिकच्या ठोकळ्यात बसवलं. नोव्हेंबर २०२० मध्ये हे थ्रस्टर एका छोट्या चिनी उपग्रहावरून वर गेलं, चाललं, आणि उपग्रहाची उंची खरंच बदलली हे जमिनीवरून माग काढून तपासलं गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'नेचर' या शोधपत्रिकेत त्याचा निबंध आला.

धडा सोपा आहे. गिऱ्हाइकाला झेनॉन हवा होता का? नाही. त्याला लहान, सुरक्षित, वेळेवर मिळणारं इंजिन हवं होतं. तुमच्या धंद्यात अशी कुठली वस्तू आहे, जी फक्त "पहिल्यापासून तीच वापरतो" म्हणून चालू आहे? कागदावर लिहून ठेवा.

खरी विक्री कशाची होते?

आता या लेखाचा गाभा. इथे थांबून नीट वाचा.

आपण काढलेलं गणित आठवा. एका मोहिमेला २३ दिवस, म्हणजे साडेपाचशे तास थ्रस्टर चालायला हवं. वर बिघडलं तर मेकॅनिक पाठवता येत नाही. मग गिऱ्हाईक विचारणार, "किती तास चालवून बघितलंय?"

हे चालवून बघणं भयंकर महाग आहे. थ्रस्टर हवेत चालतच नाही. मोठं व्हॅक्यूम चेंबर लागतं, आणि थ्रस्टर आत वायू सोडत असताना तो सतत उपसणारे पंप लागतात. उपसा कमी पडला तर आत वायू साचतो आणि आलेला आकडाच चुकीचा निघतो. १००० तासांची चाचणी म्हणजे रात्रंदिवस जवळपास ४२ दिवस. आपल्या १० मिलीन्यूटनच्या थ्रस्टरला एवढ्या वेळात सुमारे तीन किलो झेनॉन लागेल. वीज मध्येच गेली तर? एमआयडीसीत शॉप चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तरी सगळे हे करतात. नासाच्या डीप स्पेस वन यानासाठी बनवलेलं जादाचं आयन इंजिन जेपीएलमध्ये ३०,३५२ तास चालवलं, आणि ती चाचणी २००३ मध्ये संपली. यान सुटून जवळपास पाच वर्षं झाली तरी जमिनीवर तपासणी चालूच होती! आपल्या इस्रोने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या ३०० मिलीन्यूटनच्या प्लाझ्मा थ्रस्टरची १००० तासांची चाचणी पूर्ण झाली. त्याआधीचा प्रवास बघा. विद्युत इंजिन असलेला जीसॅट-४ एप्रिल २०१० मध्ये रॉकेटबरोबरच गेला. मग मे २०१७ मध्ये जीसॅट-९ वर ते तंत्र कक्षेत पोहोचलं. मध्ये सात वर्षं गेली.

अमेरिकेतल्या ब्युसेक या छोट्या कंपनीचं घ्या. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८५ साली सुरू झाली. त्यांचं २०० वॅटचं हॉल थ्रस्टर डिसेंबर २००६ मध्ये टॅकसॅट-२ उपग्रहावर वर गेलं. अमेरिकेत बनलेलं आणि अंतराळात चाललेलं ते पहिलं हॉल थ्रस्टर. कंपनी सुरू झाल्यावर २१ वर्षांनी! तोपर्यंत छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी संशोधन कंत्राटांचा मोठा आधार होता.

आता आपल्याकडे या. बंगळुरूची बेलाट्रिक्स एरोस्पेस. रोहन गणपती आणि यशस करणम यांनी २०१५ मध्ये सुरू केली, आयआयएससीच्या आधाराने वाढली. त्यांचं 'अर्का' हे हॉल थ्रस्टर. गिऱ्हाईक म्हणणार, आधी वर चालवून दाखवा. आणि वर न्यायला गिऱ्हाईक हवं. कोंडी फुटायची कशी?

इथे इस्रोची एक छान सोय कामी आली. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर कक्षेत फिरत राहतो. त्यालाच प्रयोगांचा ओटा करायचा, याला 'पोएम' म्हणतात. त्यावर नवख्यांना आपली वस्तू बसवून तपासता येते. एप्रिल २०२३ मध्ये 'अर्का २००' पोएम-२ वर गेलं. १ जानेवारी २०२४ ला पोएम-३ वर त्यांनी त्याचाच हीटर नसलेला कॅथोड तपासायला पाठवला. वर सांगितलेली दुसरी अडचण आठवली? एका भागासाठी एक पूर्ण फेरी! आणि फ्रान्सच्या एक्झोट्रेलचं ५० वॅटच्या आसपासचं छोटं हॉल थ्रस्टरही ७ नोव्हेंबर २०२० ला आपल्याच पीएसएलव्ही-सी४९ मधून वर गेलं होतं.

आता माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. या बाजारात इंजिनाच्या नावाने विकले जातात ते चाललेले तास. या क्षेत्रात याला 'फ्लाइट हेरिटेज' म्हणतात. दोन टक्के जास्त कार्यक्षम पण कधी न उडालेलं थ्रस्टर, आणि थोडं कमी कार्यक्षम पण कक्षेत चाललेलं थ्रस्टर, यांत उपग्रह कंपनी दुसरं घेते. तिचा सगळा उपग्रह त्यावर पणाला लागलेला असतो.

मग मशिन घ्यायचं की नाही?

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

स्वतःचं थ्रस्टर बनवून विकायचं स्वप्न असेल, तर वरच्या तारखा पुन्हा वाचा. दहा-वीस वर्षं कळ काढायची ताकद, संशोधक भागीदार आणि थांबणारा पैसा असेल तरच. चालू धंद्यातली खेळती भांडवलं यात घालू नका. शिवाय स्पर्धा फक्त प्लाझ्माशी नाही. मुंबईची मनस्तू स्पेस ही आयआयटी बॉम्बेतून निघालेली कंपनी हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारं, कमी विषारी रासायनिक इंजिन बनवते. ज्याला पटकन जोरदार धक्का हवा, तो तिकडे जाईल.

पण भाग पुरवायचे असतील तर दार उघडं आहे. फक्त काम काय आहे ते ओळखा.

खाचेचं सिरॅमिक बहुधा बोरॉन नायट्राइडचं असतं. हत्याराला ते मऊ लागतं, पण कडा पटकन तुटतात. चुंबकाचे भाग मऊ लोखंडाचे किंवा कोबाल्ट मिश्रधातूचे असतात. मशिनिंगनंतर ठरलेली हीट ट्रीटमेंट चुकली तर माप बरोबर येईल, पण चुंबकीय गुण उतरतील. व्हॅक्यूममध्ये जाणाऱ्या भागावर कूलंटचा अंश किंवा बोटांचा तेलकटपणाही चालत नाही. ब्लाइंड होलमध्ये स्क्रू बसवला तर तळाशी हवा अडकते, ती वर हळूहळू सुटत राहते, म्हणून मधून भोक पाडलेले स्क्रू वापरतात. या गोष्टी ड्रॉइंगवर नेहमी लिहिलेल्या नसतात. ज्याला त्या माहीत असतात, त्याला दुसरी ऑर्डर मिळते.

मशिनिंगशिवायही कामं आहेत. कॉइल वाइंडिंग, हाय व्होल्टेजच्या वायर हार्नेस, चाचणीची फिक्श्चर्स, व्हॅक्यूम चेंबरचं फॅब्रिकेशन. आपल्या राज्यात हे हात आहेत. वालचंदनगर इंडस्ट्रीज आणि विक्रोळीचं गोदरेज यांनी इस्रोसाठी वर्षानुवर्षं काम केलंय. त्या कामाची शिस्त जवळून बघितलेले फोरमन आणि इन्स्पेक्टर आजूबाजूला आहेत. असा एखादा निवृत्त काका तुमच्या शॉपमध्ये आठवड्यातून दोन दिवस येऊन बसला, तर नव्या मशिनपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता पैशाचं. ऑटोमध्ये तुम्ही महिन्याला दहा हजार पीस काढता. इथे ऑर्डर पाच पीसची असेल, दोन जादा, आणि पुढची कधी येईल सांगता येणार नाही. म्हणून माझे तीन नियम.

१. फक्त या कामासाठी कर्ज काढून मशिन घ्यायचं नाही. आहे त्या मशिनवर, आहे त्या माणसांनी, क्षमतेच्या दहा टक्क्यांपर्यंतच हे काम घ्या.

२. भाव पीसवर काढू नका. सेटअप, प्रोग्रॅमिंग, तपासणी आणि कागदपत्रं यांचे तास मोजून भाव काढा. अर्धा वेळ त्यातच जातो.

३. परदेशी गिऱ्हाईक मिळालं तर आधी डीजीएफटीची स्कोमेट यादी बघा. अंतराळाचे काही भाग परवान्याशिवाय निर्यात करता येत नाहीत. सीएला आणि निर्यात सल्लागाराला विचारल्याशिवाय कोटेशन पाठवू नका.

तुमचे तास कुठे लिहिलेत?

शेवटी सगळ्यांसाठी, मग तुमचं मशिन शॉप असो, मसाल्याचा धंदा असो की एसी दुरुस्ती.

थ्रस्टर कंपनी एका चाचणीत दर मिनिटाचा करंट, व्होल्टेज, तापमान नोंदवून ठेवते. ही नोंदच तिचा विक्रीचा माल असतो. तुम्ही पंधरा वर्षं चांगलं काम करताय. पण ते कुठे लिहिलंय? "आमचा माल कधी परत येत नाही" हे आपण छाती ठोकून सांगतो, आणि समोरचा विचारतो, "रेकॉर्ड दाखवा." तिथे आपण गप्प!

आज रात्री दुकान बंद केल्यावर एक साधी वही घ्या किंवा एक्सेल उघडा. गेल्या सहा महिन्यांत किती ऑर्डर गेल्या, किती वेळेवर, किती परत आल्या, आणि परत का आल्या? मशिन शॉपवाल्यांनी प्रत्येक जॉबसमोर मटेरियल सर्टिफिकेट, हीट नंबर, कुठल्या मशिनवर, कुणी केलं आणि कुणी तपासलं हे पाच कॉलम काढा. एसीवाल्यांनी प्रत्येक दुरुस्तीची तारीख आणि पुन्हा बोलावणं आलं का, ते लिहा. मसालेवाल्या ताईंनी प्रत्येक लॉटची मिरची कुठून आली ते लिहा.

पहिला आठवडा कंटाळा येईल. दुसऱ्या आठवड्यात एखादा कामगार म्हणेल, "साहेब, हे कशाला?" तरी लिहीत राहा. सहा महिन्यांनी एखादं मोठं गिऱ्हाईक तुमच्या दारात येईल, स्पेसचं असेल किंवा नसेल. तो मशिन किती नवीन आहे हे नंतर विचारेल. आधी विचारेल, "याआधी केलंय का?" तेव्हा ती वही टेबलावर ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत पहिलं पान भरून ठेवा!